विश्लेषण : जवळ पिस्तूल असते, तर वाचला असता?

सराफाच्या दुकानावर भरदुपारी गोळीबार झाला, महामार्गावर व्यापाऱ्याची रोकड लुटली गेली, शेतातल्या बंगल्यात दरोडा पडला, की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येते. ‘जवळ पिस्तूल असते, तर वाचला असता बिचारा.’ चहाच्या टपरीवर ते ऐकू येते, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आणि काही दिवसांत एखाद-दोघे शस्त्र परवान्याचा अर्ज कसा करायचा, याची चौकशीही करू लागतात. हे वाक्य अगदीच खोटे नाही. पिस्तुलामुळे वाचलेली माणसे जगात आहेत. पण त्यातल्या ‘तर’ या एका शब्दात बरेच काही गृहीत धरलेले असते. पिस्तूल वेळेवर हातात आले, नेम लागला, समोरचा खरोखर हल्लेखोरच होता, आणि नंतर आलेल्या पोलिसांनाही ते पटले, हे सगळे त्यात आले. ज्यांनी प्रत्यक्ष हा प्रसंग भोगला, त्यांचे अनुभव हे गृहीतक तपासायला उपयोगी पडतात. असे अनुभव सर्वाधिक नोंदले गेले, कॅमेऱ्यात टिपले गेले आणि न्यायालयात तपासले गेले ते अमेरिकेत. म्हणून आधी तिकडे पाहू, मग आपल्याकडे येऊ.

सहा सेकंदांत दोन माणसे

२९ डिसेंबर २०१९. टेक्सासमधील व्हाइट सेटलमेंट या गावातले चर्च, रविवारची प्रार्थना. प्रार्थनेचे थेट प्रक्षेपण सुरू होते, त्यामुळे पुढे जे घडले ते जगाने पाहिले. वेश पालटून आलेला एक जण बाकावरून उठला आणि त्याने कोटातून शॉटगन काढली. चर्चने आपल्याच सभासदांतून सुरक्षा पथक उभारले होते. त्या पथकाचे जॅक विल्सन यांनी एकाच गोळीत हल्लेखोराला पाडले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेळ गेला जेमतेम सहा सेकंद. विल्सन नेमबाजीचे प्रशिक्षक होते. पुढे टेक्सासच्या गव्हर्नरांनी त्यांना शौर्यपदक दिले. ‘चांगल्या माणसाच्या हाती बंदूक’ या युक्तिवादासाठी हे उदाहरण तिकडे आजही दिले जाते आणि ते योग्यच आहे.

पण त्याच चित्रफितीत आणखी एक माणूस आहे. तोही सुरक्षा पथकातला, सशस्त्र, सावध. त्या अनोळखी माणसावर त्याचीही नजर होती. शॉटगन दिसताच त्याचाही हात आपल्या पिस्तुलाकडे गेला आणि हल्लेखोराने त्याच्यावर आधी गोळी झाडली. तो गेला. शेजारचे आणखी एक सभासद गेले. खोली एक, क्षण एक, पथक एक. एकाला पदक मिळाले आणि दुसऱ्याच्या घरी अंत्यविधी झाला. पिस्तूल दोघांकडेही होते.

बंदुकीच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण मात्र इंडियाना राज्यातले आहे, आणि ते पूर्ण सांगितले पाहिजे. १७ जुलै २०२२ रोजी ग्रीनवुड येथील मॉलमध्ये एकाने रायफलने गोळीबार सुरू केला. तीन जण मारले गेले. बावीस वर्षांच्या एलायजा डिकेनने सुमारे ३६ मीटर अंतरावरून पिस्तुलाच्या दहा गोळ्या झाडल्या. त्यातल्या आठ लागल्या. पोलिसांच्या हिशेबाने पहिली गोळी सुटल्यापासून हल्लेखोर कोसळेपर्यंत १५ सेकंद गेले. हा मुलगा ना पोलिसातला ना लष्करातला, नेमबाजी आजोबांकडून शिकलेला. त्या दिवशी तो तिथे नसता, तर मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि आता कोलोरॅडोतील आर्वाडा. २१ जून २०२१. एका माथेफिरूने पोलीस अधिकाऱ्याला ठार केले. जवळच्या दुकानात असलेला जॉनी हर्ली बाहेर धावला आणि आपल्या पिस्तुलाने त्याने हल्लेखोराला टिपले. हल्लेखोराची एआर-१५ रायफल दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, म्हणून बहुधा, त्याने ती उचलली. तेवढ्यात पोलीस आले. त्यांना रायफल हातात घेतलेला एक माणूस दिसला. त्यांनी गोळी झाडली. हर्ली ठार झाला. चांगला माणूस कोण आणि वाईट कोण हे कपाळावर लिहिलेले नसते. बाहेरून येणाऱ्याला फक्त हातातले हत्यार दिसते.

नळी दिसते, चेहरा दिसत नाही

बंदूक समोर आली की माणसाचे काय होते? मानसशास्त्रात याचा अभ्यास झालेला आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले, की समोरच्याच्या हाती शस्त्र असेल तर पाहणाऱ्याची नजर शस्त्रावर खिळते आणि चेहरा नीट लक्षात राहत नाही. लुटले गेलेले लोक पोलीस ठाण्यात नळीचे वर्णन बारकाईने करतात, पण मिशी होती की नव्हती हे सांगता येत नाही. ते खोटे बोलत नसतात.

भीतीत हिशेब चुकतो, याचे एक उदाहरण भारतीयांना जवळचे वाटेल. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातील ओलाथे येथील बारमध्ये हैदराबादचा अभियंता श्रीनिवास कुचिभोतला वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेला. तिथे बसलेला इयन ग्रिलट हा स्थानिक तरुण टेबलाखाली लपून गोळ्या मोजत होता. नऊ झाल्या, मॅगझिन रिकामे झाले, असे समजून तो निःशस्त्र हल्लेखोराच्या मागे धावला. मोजण्यात चूक झाली असावी, असे त्याने नंतर रुग्णालयातून सांगितले. गोळी त्याच्या हाताला आणि छातीला लागली. तो वाचला. त्याच्या धाडसाविषयी शंका नाही, पण त्या अवस्थेत नऊपर्यंत नीट मोजणेही किती अवघड असते ते पाहा.

प्रशिक्षित माणसाचे तरी काय? न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील गोळीबारांचा रँड या संस्थेने अभ्यास केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या झाडलेल्या गोळ्यांपैकी सुमारे १८ टक्केच लागल्या होत्या. समोरून गोळी येत नसतानाही प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. ही नोकरीचा भाग म्हणून सराव करणारी माणसे. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवले, की २१ फुटांवरून चाकू घेऊन धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. सराव असलेल्याला कमरेचे पिस्तूल काढून झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपल्याकडे तर पिस्तूल कमरेला असते की कपाटात, हा प्रश्न आधी येतो.

उत्तर महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीतील कांदा व्यापाऱ्यांनी मला आपला अनुभव सांगितला होता. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. रिव्हॉल्व्हरचा परवाना त्यांच्याकडे बरीच वर्षे होता. रोकड घेऊन जाताना शर्टाखाली कमरेला रिव्हॉल्व्हर असायचेच. एका संध्याकाळी दोन मोटरसायकली गाडीला आडव्या आल्या. दोन्ही खिडक्यांवर गावठी कट्टे टेकले. मी विचारले, तुम्ही रिव्हॉल्व्हर काढले नाहीत? ते म्हणाले, ‘अहो, हात कमरेकडे गेलाच नाही. उलट शर्ट नीट खाली आहे ना, याचीच धास्ती. त्यांना ते दिसलं असतं ना, तर आधी मला संपवलं असतं आणि मग ड्रायव्हरला. पोरगं बावीस वर्षांचं. त्याच्या आईला काय सांगणार होतो मी?’ त्यांनी बॅग दिली. लुटारू गेले.

खरा त्रास पुढेच झाला, असे त्यांचे म्हणणे. ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘शेठ, तुमच्याकडे तर रिव्हॉल्व्हर आहे ना?’ मग मेहुण्याने विचारले, मग समितीतल्या प्रत्येकाने. लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकानेही विचारले. जणू बॅग गेली यापेक्षा रिव्हॉल्व्हर न निघाल्याचीच लाज मोठी. माझ्या मते त्या संध्याकाळी त्या माणसाने अचूक निर्णय घेतला. पण अशा निर्णयाची नोंद कुठेच होत नाही. फिर्यादीत ‘रोकड लुटली’ एवढेच लागते. परवानाधारकाने शस्त्र काढले नाही म्हणून दोघे जण जिवंत राहिले, हे लिहायला रकाना नसतो.

पंचवीस लाख की सत्तर हजार?

अमेरिकेत बंदुकीने स्वसंरक्षण वर्षाला किती वेळा होते, यावरचा वाद जुना आहे. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी दूरध्वनीवरून सुमारे पाच हजार लोकांना विचारले आणि १९९५ मध्ये आकडा मांडला, वर्षाला २१ ते २५ लाख वेळा. बंदूकसमर्थक आजही तोच सांगतात. सरकारचे गुन्हेपीडितांचे राष्ट्रीय सर्वेक्षण मात्र साधारण ६० हजार ते एक लाखाच्या घरातला आकडा देते. एवढी तफावत का? हार्वर्डचे डेव्हिड हेमेनवे यांनी दिलेले कारण सोपे आहे. प्रसंग फार दुर्मीळ असेल, तेव्हा शंभरांत एखाद्यानेही अतिशयोक्ती केली किंवा तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग यंदाचा म्हणून सांगितला, तर देशभराच्या लोकसंख्येने गुणल्यावर लाखोंची भर पडते.

हेमेनवे आणि सहकाऱ्यांनी यापुढचे पाऊल टाकले, ते मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचे वाटते. लोकांनी स्वतः सांगितलेले ‘मी बंदुकीने स्वतःचे रक्षण केले’ असे प्रसंग त्यांनी फौजदारी न्यायालयांच्या पाच न्यायाधीशांपुढे ठेवले. सांगणारा खरे सांगतो आहे आणि बंदूक बाळगण्याचा त्याला अधिकार आहे, असे धरून चाला, असेही सांगितले. तरी निम्म्याहून अधिक प्रसंगांत बंदुकीचा तो वापर बहुधा बेकायदाच होता, असे बहुसंख्य न्यायाधीशांचे मत पडले. वाद वाढत गेला, एकाने बंदूक काढली आणि नंतर त्यालाच स्वसंरक्षण म्हटले, अशी ती प्रकरणे. सांगणारा प्रत्येक जण स्वतःच्या गोष्टीत सज्जनच असतो.

२०१५ मध्ये हेमेनवे आणि सारा सोलनिक यांनी सरकारी सर्वेक्षणातील १४ हजारांहून अधिक प्रसंग तपासले. पीडिताने बंदूक वापरल्याची उदाहरणे एक टक्क्याहूनही कमी होती. बचावाची कोणतीही कृती केल्यानंतर जखमी झालेल्यांचे प्रमाण ४.२ टक्के, तर बंदूक वापरल्यानंतर जखमी झालेल्यांचे ४.१ टक्के. फरक जवळपास नाहीच. मालमत्ता वाचवण्यात बंदुकीचा उपयोग दिसला, पण बंदुकीखेरीज दुसरे हत्यार वापरणाऱ्यांनाही तेवढाच किंवा थोडा अधिक उपयोग झाला होता. दुसरीकडे, २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजार ८३० मृत्यू झाले आणि त्यातल्या २६ हजार ३२८ आत्महत्या होत्या. घरात आणलेले शस्त्र कुणावर चालते, याचे उत्तर देताना हा आकडा टाळता येत नाही.

दार वाजले म्हणून

१७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुइझियानातील बॅटन रूज शहरात योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी मित्रासोबत हॅलोविनच्या पार्टीला निघाला होता. पत्ता चुकला आणि भलत्याच दाराची घंटा वाजवली. घरमालक बंदूक घेऊन बाहेर आला, ‘फ्रीज’ म्हणून ओरडला. ‘थांब, हलू नकोस’ या अर्थाचा तो शब्द मुलाला उमगला नाही. तो पुढे आला आणि मेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. नंतर दिवाणी न्यायालयाने त्याला जबाबदार धरून साडेसहा लाख डॉलरची भरपाई ठोठावली. तीस वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या राल्फ यार्ल या सोळा वर्षांच्याच कृष्णवर्णीय मुलाने चुकीचे दार वाजवले. ८४ वर्षांच्या घरमालकाने दारातूनच त्याच्या डोक्यात गोळी घातली. मुलगा वाचला. घरमालकाने २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावली जाण्याआधीच तो मरण पावला. दोन्ही घरमालकांचे म्हणणे सारखेच, आम्ही घाबरलो होतो. ते खरेही असेल. पण भीती खरी असणे आणि धोका खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याची सगळी कसरत त्यांच्यामध्ये चालते.

आपला कायदा भित्रा आहे का?

‘आपल्याकडे चोराला मारले तरी आपणच आत जातो,’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात स्वसंरक्षणाबाबत भारतीय कायदा बराच उदार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काविषयी आहेत. जुन्या दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमे जवळपास तशीच त्यात आली आहेत. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती वाटली, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड हल्ल्याचा प्रसंग आला, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांतही तो तिथवर जाऊ शकतो. गर्दीत निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय जीव वाचवताच येत नसेल, तर त्याचाही विचार कायद्याने केला आहे. हा हक्क दुसऱ्याच्या रक्षणासाठीही आहे. हल्ला झाला की पळूनच गेले पाहिजे, अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे.

अटी दोन ठिकाणी आडव्या येतात. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. धोका आहे तोवरच हक्क आहे. चोर पाठ फिरवून पळू लागला, तुमच्या जिवाला धोका उरला नाही आणि तुम्ही पाठीत गोळी घातली, तर ‘स्वसंरक्षण’ म्हणणे अवघड होते. पाठीतली गोळी शवविच्छेदनात दिसते. स्वसंरक्षण होते हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. तो भार सरकार पक्षाइतका जड नाही, शक्यतेच्या पारड्यात बाजू जड ठरली तरी पुरते. पण त्याआधी गुन्हा नोंद, शस्त्र जप्त, अटकेची टांगती तलवार, वकिलाची फी आणि तारखा, हे सर्व येतेच. ‘आत जातो’ या तक्रारीत एवढे तथ्य निश्चित आहे, आणि ते कायद्यापेक्षा आपल्या तपासाच्या आणि खटल्यांच्या गतीविषयी अधिक सांगते.

परवाना कुणाच्या कामी येतो?

शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणेही त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरले. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालयात पोलीस आयुक्त परवाना देतात. २०१६ च्या नियमांनी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणले. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्रपाळीहून लोकलने घरी परतणाऱ्या मुलीला ते परवडणार का आणि तिला परवाना कोण देणार, हे प्रश्न तेव्हाही विचारले गेले होते.

मग आपल्याकडे हे शस्त्र बातम्यांत येते कधी? फेब्रुवारी २०२४ मधला एकच आठवडा आठवून पाहा. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने मित्रपक्षाच्या स्थानिक नेत्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून गोळी झाडली, असे आमदारांनी वाहिनीला सांगितले. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ होता का, हा कायद्याचा प्रश्न तिथे विचारायचा, आणि घटनास्थळ पोलीस ठाणे. निकाल न्यायालय देईल. सहा दिवसांनी, ८ तारखेला, दहिसरला समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण सुरू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतःलाही संपवले. पोलिसांच्या सांगण्यानुसार वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, म्हणजे संरक्षणासाठीच परवाना मिळालेले होते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होते. मारेकरी वेळ, जागा आणि अंतर स्वतः निवडून येतो. संरक्षण करणाऱ्याला यातले काहीच निवडता येत नाही.

म्हणून परवाने बंदच करा, असे माझे म्हणणे नाही. जिथे पोलीस पोहोचायला तास लागतो अशा वस्त्या आहेत, साक्षीदार म्हणून धमक्या झेलणारी माणसे आहेत. त्यांचा अर्ज सहजासहजी फेटाळला जाऊ नये. पण परवाना म्हणजे प्रतिष्ठेचा दाखला, ही समजूत मोडायची तर नूतनीकरण कागदांवर होता कामा नये. दर पाच वर्षांनी परवानाधारकाला मैदानावर उभे करून नेमबाजीची आणि शस्त्र हाताळण्याची परीक्षा घ्यावी. शस्त्र कधी काढायचे नाही, यावरही प्रश्न असावेत. जो नापास होईल, त्याचे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा राहावे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयाने शस्त्रे जमा होतातच, तेव्हा यंत्रणा नवी उभारायची गरज नाही. आणि अंगरक्षकाच्या परवान्याबाबत एक तपासणी अचानक, न कळवता व्हायला हवी. शस्त्र रात्री कोणाच्या घरात असते, कोणत्या कपाटात असते आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?